शनिवारी दुपारी तीनचा सामना: इंग्लंडमधल्या नॉन-लीग मैदानावर पहिल्यांदा जाताना

इंग्लंडला शिकायला किंवा नोकरीला आलेल्या फुटबॉलवेड्या माणसाला पहिल्या दोन महिन्यांतच कळून चुकतं की प्रीमियर लीगचं तिकीट मिळवणं हे वेगळंच काम आहे. क्लबचं सभासदत्व घ्या, ऑनलाइन रांगेत ताटकळा, आणि एवढं करून मिळते ती कुठल्यातरी वरच्या कोपऱ्यातली खुर्ची. त्याच शनिवारी घरापासून दोन-तीन मैलांवर छोट्या, खालच्या पातळीवरच्या नॉन-लीग क्लबांचा दुसरा एक सामना चाललेला असतो. तिथे बहुतेक वेळा आगाऊ तिकीट लागत नाही, दहा-बारा पौंडांत आत जाता येतं, आणि कठड्याला टेकून उभं राहिलं की गोलकीपर आपल्याच बचावफळीला घालत असलेल्या शिव्या शब्दन्‌शब्द ऐकू येतात.

कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर तालमींचे, पेठांचे सामने पाहिलेल्यांना हे वातावरण लगेच ओळखीचं वाटेल. गर्दी आणि इरेसरी मात्र कोल्हापूरच्या मानाने किरकोळ. इथे तीनशे माणसं जमली तरी चांगला दिवस म्हणायचा.

अडचण एकच. या क्लबांचा कारभार बहुतांशी स्वयंसेवकांवर चालतो. नवख्यासाठी पाट्या, सूचना, मदतकक्ष असलं काही नसतं; ज्याला माहीत आहे त्याला माहीत आहे. म्हणून हा क्रमवार लेख.

आधी पायऱ्या समजून घ्या

इंग्लिश फुटबॉलमध्ये सगळ्यात वर प्रीमियर लीगचे २० क्लब आणि त्याखाली इंग्लिश फुटबॉल लीगच्या तीन विभागांतले ७२, असे ९२ क्लब. त्याखालचं सगळं ते नॉन-लीग. नाव फसवं आहे, कारण खाली लीगच लीग आहेत. त्यांची रचना ‘स्टेप’ म्हणजे पायऱ्यांनी मोजतात.

स्टेप १ म्हणजे नॅशनल लीग, २४ क्लब. स्टेप २ म्हणजे नॅशनल लीग नॉर्थ आणि साउथ. स्टेप ३ला चार विभाग: नॉर्दर्न प्रीमियर लीगचा एक, इस्थमियन लीगचा एक आणि सदर्न लीगचे दोन. स्टेप ४ला आठ विभाग. स्टेप ५ आणि ६ला एसेक्स सीनियर, कम्बाइन्ड काउंटीज, वेसेक्स, नॉर्दर्न लीग अशा प्रादेशिक लीग येतात. त्याच्याही खाली जिल्हा पातळीचं फुटबॉल आहे. तिथे अनेकदा फाटकच नसतं. सार्वजनिक बागेत दोरी बांधून सामना चालतो.

पायरी कुठली यावर तुमची सगळी दुपार ठरते. नॅशनल लीगमध्ये पूर्णवेळ व्यावसायिक खेळाडू असलेले बरेच क्लब आहेत, काही तर कधीकाळी वरच्या ९२मध्ये होते. गर्दी हजारांत असते, पाहुण्या समर्थकांना कधीकधी वेगळं बसवतात, आणि तिकीट साधारण १८ ते २५ पौंड. स्टेप ३ला १२ ते १५ पौंड आणि काही शे माणसं. स्टेप ५ला ७ ते १० पौंड, आणि गर्दी इतकी की दुसऱ्यांदा गेलात तर दारावरचा माणूस तुम्हाला ओळखेल. विद्यार्थी आणि ज्येष्ठांना सवलत असते. लहान मुलं बऱ्याच ठिकाणी फुकट किंवा एक-दोन पौंडांत.

पहिल्या वेळेसाठी आम्ही स्टेप ३ किंवा ४ सुचवू. खेळ बऱ्यापैकी वेगवान, मैदानाला छप्पर असलेला एखादा स्टँड, चहाची खिडकी नक्की उघडी, आणि तरीही हवं तिथे उभं राहायची मोकळीक. थेट स्टेप ६ला गेलात आणि पावसात ०-० बघितलं, तर पुन्हा जाल याची खात्री नाही.

सामना निवडणं

हंगाम ऑगस्टच्या सुरुवातीपासून एप्रिलच्या शेवटापर्यंत. शनिवारचा सामना बहुधा दुपारी ३ला, मधल्या वारातला बहुधा मंगळवारी संध्याकाळी ७:४५ला. शनिवारी २:४५ ते ५:१५ या वेळात ब्रिटनमध्ये टीव्हीवर फुटबॉल थेट दाखवायला बंदी आहे. ती लोकांनी मैदानावर जावं म्हणूनच. तेव्हा घरी बसून काही चुकतंय अशी चुटपूट नको.

वरच्या चार पायऱ्यांचं वेळापत्रक त्या त्या लीगच्या संकेतस्थळावर मिळतं. खालच्यांचं फुटबॉल असोसिएशनच्या (एफए) ‘फुल-टाइम’ या संकेतस्थळावर. फुटबॉलॉजी (Futbology) नावाचं ॲप नकाशावर आसपासचे सामने दाखवतं. मैदानं ‘जमवत’ फिरणाऱ्या ग्राउंडहॉपर मंडळींचं ते लाडकं. पण कुठलंही ॲप अंतिम मानू नका. अंतिम शब्द क्लबच्या स्वतःच्या समाजमाध्यमाच्या पानाचा.

वेळापत्रक बघताना नवख्यांची फसगत होते ती चषक स्पर्धांमुळे. एफए कप ऑगस्टमध्येच, एक्स्ट्रा प्रिलिमिनरी फेरीपासून, याच छोट्या मैदानांवर सुरू होतो. शिवाय स्टेप १ ते ४साठी एफए ट्रॉफी आणि ५-६साठी एफए व्हाझ असते. क्लब चषकात पुढची फेरी गाठतो तेव्हा त्या शनिवारचा त्याचा लीग सामना आपोआप पुढे ढकलला जातो आणि एखाद्या मंगळवारी लावला जातो. दोन महिन्यांपूर्वी टिपून ठेवलेली तारीख म्हणूनच कुचकामी. सामन्याच्या आठवड्यात पुन्हा बघा.

वर्षातून एक ‘नॉन-लीग डे’ही असतो. २०१०मध्ये सुरू झालेला हा दिवस आंतरराष्ट्रीय सामन्यांमुळे वरचे दोन विभाग बंद असतात अशा शनिवारी ठेवतात. अलीकडे तो मार्चमध्ये येतो. काही क्लब त्या दिवशी तिकीट स्वस्त करतात. पहिली भेट त्या दिवशी ठरवायला हरकत नाही, फक्त चहाची रांग मोठी असणार.

कुठलं मैदान

जवळचं. हेच खरं उत्तर. लंडनच्या महाराष्ट्र मंडळाच्या डॉलिस हिलमधल्या वास्तूपासून किंग्जबरीतलं हेंडन क्लबचं सिल्व्हर ज्युबिली पार्क फार लांब नाही. राइस्लिपला वील्डस्टोन आहे. स्लाउला आर्बर पार्क. तुम्ही राहता त्या गावाचं नाव आणि ‘एफसी’ किंवा ‘टाउन’ असं शोधलंत तरी काहीतरी सापडेल.

पण खास प्रवास करून जावं अशीही काही ठिकाणं आहेत. शेफील्डच्या क्रॉसपूल भागातलं सँडिगेट हे हॅलम क्लबचं मैदान जगातलं सगळ्यात जुनं फुटबॉल मैदान मानलं जातं. तिथे २६ डिसेंबर १८६० रोजी हॅलम आणि शेफील्ड एफसी यांचा सामना झाला होता. मैदानाला चांगला डोळ्यात भरणारा उतार आहे. कुठला संघ कुठल्या अर्धात उताराच्या बाजूने खेळतोय ते बघितल्याशिवाय तिथला खेळ कळत नाही.

लंडनमध्ये फॉरेस्ट गेटचं ओल्ड स्पॉटेड डॉग मैदान १८८८पासून फुटबॉलसाठी वापरात आहे. आता ते क्लॅप्टन सीएफसी या समर्थकांच्या मालकीच्या क्लबकडे आहे. ग्रीन स्ट्रीटवरची भारतीय दुकानं तिथून जवळच, तेव्हा सामन्याआधी जेवून जाता येतं आणि परत येताना कोथिंबीर-मिरचीही होते. दक्षिण लंडनमध्ये डलिच हॅम्लेटचं चॅम्पियन हिल, ईस्ट डलिच स्टेशनपासून पाच-सात मिनिटं चालत. गुलाबी-निळे रंग, आणि गर्दी या पातळीच्या मानाने प्रचंड. तिथे मात्र तिकीट आधी ऑनलाइन घ्या. ससेक्समधल्या लुइस गावचं ‘ड्रिपिंग पॅन’ हे स्टेशनजवळचं खोलगट मैदान आहे, कडेला गवताचे बांध आणि मागे टेकड्या. लुइस क्लबने २०१७मध्ये महिला आणि पुरुष संघांना समान खेळाडू-निधी द्यायला सुरुवात केली. तिथे महिला संघाचा सामना बघायला जाणंही तितकंच चांगलं.

सामना होणार आहे ना? तीनदा बघा

या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही. नोव्हेंबर ते मार्च या काळात सामने रद्द होणं ही रोजची बाब आहे, आणि ते बऱ्याचदा त्याच दिवशी सकाळी ठरतं.

कारणं दोन. पहिलं पाणी. खालच्या पायऱ्यांवरच्या मैदानांखाली महागडा निचरा नसतो. चिकणमाती असेल तर दोन दिवसांच्या पावसानंतर चेंडू टप्पा घेण्याऐवजी जागीच थबकतो. दुसरं दहिवर. रात्री पारा शून्याखाली गेला की जमीन दगड होते, आणि खेळाडू पडला तर हाड मोडतं. यातली गंमत अशी की सूर्य वर आल्यावर मैदान सुटतं, पण स्टँडच्या सावलीतला पट्टा गोठलेलाच राहतो. तेवढ्या एका पट्ट्यासाठी पंच सामना रद्द करतात, आणि बरोबर करतात. तुमच्या खिडकीतून लख्ख ऊन दिसतंय म्हणून सामना होईल असं समजू नका.

त्यामुळे क्रम असा. शुक्रवारी रात्री क्लबचं पान बघा. दुसऱ्या दिवशी मैदानाची तपासणी होणार असेल तर तसं लिहिलेलं असतं. शनिवारी सकाळी साडेनऊ-दहाच्या सुमारास पुन्हा बघा. आणि गाडीत बसण्याआधी शेवटचं. तपासणी दुपारी बाराला ठेवली असेल आणि तुमचा प्रवास दीड तासाचा असेल, तर निकाल लागेपर्यंत घरीच थांबा. रेल्वेचं स्वस्त आगाऊ तिकीट काढलं असेल आणि सामना रद्द झाला, तर ते पैसे गेले. हिवाळ्यात म्हणूनच लवचीक तिकीट परवडतं.

खात्री हवी असेल तर कृत्रिम गवताचं, ज्याला इथे थ्री-जी म्हणतात, तसं मैदान असलेला क्लब निवडा. मेडस्टोन युनायटेडचं मैदान २०१२पासून तसंच आहे, हेंडनचंही. पाऊस कितीही पडो, तिथला सामना सहसा होतो. एक विचित्र गोष्ट: इंग्लिश फुटबॉल लीगमध्ये कृत्रिम मैदान चालत नाही. सटन युनायटेडने २०२१मध्ये नॅशनल लीग जिंकली तेव्हा बढतीसाठी त्यांना आपलं गालिच्यासारखं मैदान उखडून खरं गवत लावावं लागलं.

पोहोचणं

क्लबच्या नावातलं गाव आणि मैदानाचं गाव एकच असेल असं धरून चालू नका. २४ ऑक्टोबर १८५७ रोजी स्थापन झालेला शेफील्ड एफसी हा जगातला सगळ्यात जुना फुटबॉल क्लब, पण त्याचं मैदान शेजारच्या डर्बीशर परगण्यातल्या ड्रॉनफील्डला आहे. स्वतःचं मैदान नसलेले कितीतरी क्लब दुसऱ्याच्या मैदानावर भाड्याने खेळतात. शिवाय मैदानाचं नाव दर दोन-तीन वर्षांनी प्रायोजकाप्रमाणे बदलतं. नकाशावर जुनं, क्लबच्या पानावर नवं. नावावर न जाता क्लबने दिलेला पोस्टकोड टाका. आणि पोस्टकोडही तुम्हाला कधीकधी मागच्या गल्लीतल्या बंद फाटकाशी नेऊन सोडतो. रस्त्यावरून फ्लडलाइटचे खांब दिसतात. त्यांच्या रोखाने चालत राहा.

शनिवार-रविवारी रेल्वेमार्गाची दुरुस्ती काढतात आणि गाडीऐवजी बस देतात. आदल्या रात्री तपासा. परतीची बस किती वाजता सुटते हेही येतानाच बघून ठेवा. मोटारीने जात असाल तर क्लबचं वाहनतळ अडीचपर्यंत भरतं. मग आजूबाजूच्या गल्ल्या. कोणाच्या घरात गाडी नेण्याच्या उतारावर चाक येऊ देऊ नका. शेजाऱ्यांच्या तक्रारींनी क्लबचं जिणं आधीच हैराण असतं.

सव्वादोनला पोहोचणं उत्तम. त्याआधी गेलात तर चहाची खिडकी उघडलेली नसते, त्यानंतर गेलात तर पुढच्या चार गोष्टी घाईत होतात.

दारावर

विटांच्या खोलीत एक अरुंद फट, त्यात फिरतं लोखंडी दार आणि जाळीमागे एक काका किंवा मावशी. ‘वन ॲडल्ट, प्लीज’ एवढं पुरतं. विद्यार्थी असाल तर ओळखपत्र हातातच ठेवा. कार्ड बहुतेक ठिकाणी चालतं, पण यंत्र मोबाइलच्या जाळ्यावर अवलंबून असतं आणि जाळं नेमकं तेव्हाच मान टाकतं. दहा-दहाच्या दोन नोटा आणि थोडी एक पौंडाची नाणी खिशात असू द्या. पन्नासची नोट काढू नका, सुटे नसतात. काही क्लबांनी तिकीट पूर्णपणे ऑनलाइन केलंय. तेही त्यांच्या पानावर लिहिलेलं असतं.

आत शिरल्याबरोबर एक-दोन टेबलं लागतात. एकावर कार्यक्रमपत्रिका, म्हणजे प्रोग्रॅम, साधारण दोन-तीन पौंड. त्यात दोन्ही संघांची यादी, पाहुण्या क्लबचा इतिहास आणि व्यवस्थापकाचं मनोगत. पहिल्या भेटीत घ्याच, कारण खेळाडूंच्या पाठीवर नावं नसतात. खालच्या पायऱ्यांवर आता बऱ्याच क्लबांनी छापणं बंद करून फक्त ऑनलाइन ठेवलंय. त्या यादीवर फार विसंबूही नका; ती गुरुवारी छापायला जाते आणि शनिवारी सकाळी कोणाचा तरी घोटा मुरगळतो. खरा संघ क्लबहाउसमधल्या पांढऱ्या फळ्यावर किंवा दाराजवळच्या कागदावर लिहिलेला असतो. त्याचा फोटो काढून ठेवा.

दुसऱ्या टेबलावर सोडत. फिफ्टी-फिफ्टीमध्ये जमलेल्या पैशांचे दोन भाग होतात. अर्धे विजेत्याला, अर्धे क्लबला. गोल्डन गोलमध्ये तुम्हाला मिनिट छापलेली चिठ्ठी मिळते आणि पहिला गोल त्या मिनिटाला झाला तर बक्षीस. दोन्ही एक-एक पौंडाच्या आसपास. जिंकण्यासाठी घेऊ नका, पण घ्या. दाराचे पैसे, बार, चहाची खिडकी आणि ही सोडत यांवरच अशा क्लबांचं बरंचसं वीजबिल आणि पंचांचं मानधन निघतं.

क्लबहाउस आणि पिण्याचे नियम

क्लबहाउस कधी दाराच्या आत असतं, कधी बाहेर. बाहेर असेल तर आत गेल्यावर पुन्हा बाहेर येता येतं का ते दारावरच विचारा. काही ठिकाणी हातावर शिक्का मारतात. बारमध्ये तुम्ही पंचविशीच्या आतले दिसत असाल तर वयाचा पुरावा मागतील.

बिअर हातात घेऊन मैदान दिसेल असं उभं राहता येतं का? वरच्या ९२मध्ये नाही. १९८५च्या कायद्याने मैदान दिसेल अशा जागी मद्य पिणं बंद आहे. नॅशनल लीगचा वरचा विभाग, म्हणजे स्टेप १, त्याच नियमात येतो. स्टेप २पासून खाली तो कायदा लागू नाही. म्हणून तिथे क्लबच्या परवान्यानुसार लोक पेला घेऊन कठड्याशी उभे राहतात. काचेचा पेला मात्र बाहेर नेऊ देत नाहीत. दाराशी प्लास्टिकचे पेले ठेवलेले असतात, त्यात ओतून घ्या. एफए कपच्या मुख्य फेऱ्यांत, म्हणजे पहिल्या फेरीपासून पुढे, तोच क्लब त्याच मैदानावर हे बंद करतो. त्या दिवशी दाराशी हुज्जत घालू नका, बारवाल्याच्या हातात ते नसतं.

खाणं: शाकाहारी असाल तर हे नीट वाचा

चहाच्या खिडकीवर चहा, कॉफी, चिप्स, बर्गर, पाय (pie, म्हणजे सारण भरून भाजलेला पदार्थ) आणि बॉवरिल मिळतं. बॉवरिल हे कपात मिळणारं गडद तपकिरी गरम पेय. लांबून काळ्या कॉफीसारखं दिसतं, पण ते गाईच्या मांसाचा अर्क आहे. शेजारचा भला माणूस थंडीत आग्रहाने पुढे करील. काय आहे ते माहीत असलेलं बरं.

चिप्स सगळीकडे शाकाहारी असतीलच असं नाही. इंग्लंडच्या उत्तरेत, विशेषतः यॉर्कशरमध्ये, त्या गाईच्या चरबीत तळण्याची पद्धत अजून आहे. वनस्पती तेल असलं तरी त्याच कढईत सॉसेज तळलेलं असू शकतं. ‘कशात तळता?’ हा साधा प्रश्न आहे, कोणी रागावत नाही. चिप्सवर ओततात ती ग्रेव्ही बहुधा मांसाची समजा. पायमध्ये ‘चीज अँड अनियन’ म्हटलेली शाकाहारी मिळते, पण तिच्या मोजक्याच आणलेल्या असतात, आणि त्या अडीचपर्यंत संपतात. मांसाहारींसाठी आमचं मत: बर्गरपेक्षा पाय बरी, कारण ती तिथल्या तव्यावर बिघडवता येत नाही.

घरून डबा नेला तर चालतो का? स्टेप ३च्या खाली सहसा कोणी पिशवी बघत नाही. पोळी-भाजीची गुंडाळी आणि थर्मासमधला आल्याचा चहा घेऊन खुशाल जा. काचेची बाटली आणि बाहेरचं मद्य मात्र नको. तरीही खिडकीवरून एखादा कप घ्या.

मध्यंतर पंधरा मिनिटांचं. शिट्टी वाजल्यावर रांगेत लागलात तर उत्तरार्धाची पहिली पाच मिनिटं गेली. जाणकार चाळिसाव्या मिनिटाला हळूच सटकतात. अर्थात, नेमका तेव्हाच गोल होतो.

कुठे उभं राहायचं

छोट्या मैदानाचा खरा फायदा हा की तुमची जागा ठरलेली नसते. मैदानाभोवती कंबरेएवढा कठडा असतो आणि त्याच्या बाहेरून बहुतेक ठिकाणी पूर्ण चक्कर मारता येते. पहिल्या भेटीत नव्वद मिनिटं एकाच जागी उभं राहणं म्हणजे निम्मे पैसे वाया. वरच्या दोन विभागांत उभं राहायला खास परवानगी घेतलेले भाग लागतात. इथे सिमेंटच्या पायऱ्यांवर बिनधास्त उभं राहा.

सुरुवातीची दहा मिनिटं मध्यरेषेजवळ थांबा म्हणजे दोन्ही संघांची मांडणी कळेल. मग गोलच्या मागे जा. घरच्या संघाचे समर्थक आपला संघ ज्या गोलवर चाल करतोय त्याच्या मागे जमतात, आणि मध्यंतराला सगळा जथा, झेंडे आणि ढोलासकट, दुसऱ्या टोकाला चालत जातो. नाणेफेक होईपर्यंत कुठलं टोक ते नक्की नसतं, म्हणून आधीच जागा धरून बसू नका. उत्तरार्धात थोडा वेळ राखीव खेळाडूंच्या बाकाशेजारी काढा. व्यवस्थापक काय ओरडतो, बदली खेळाडूला काय सांगतो, चौथा गोल खाल्ल्यावर बाकावर कशी शांतता पसरते, हे टीव्हीवर कधी कळत नाही.

वारा असेल तर छपराखालची जागा पाठीवर वारा येणारी निवडा. हिवाळ्यात सूर्य इतका खाली असतो की पश्चिमेकडे तोंड केलं तर पहिला अर्धा तास काहीच दिसत नाही. पश्चिमेला पाठ करा. बसायचं असेल तर मुख्य स्टँडमध्ये खांबांचा अंदाज घ्या. जुन्या स्टँडमध्ये खांब बरोबर गोल आणि तुमच्या मधोमध येतो. काही आसनांवर नावं चिकटवलेली असतात. ती वर्षानुवर्षांच्या सभासदांची, तिथे बसू नका.

गोलच्या मागे उभं असताना चेंडूवर डोळा ठेवा, विशेषतः सामन्याआधीच्या सरावात. एकाच वेळी सात-आठ चेंडू येत असतात आणि जाळी प्रत्येक वेळी थांबवत नाही. कठड्यावर कोपर टेकून मोबाइल बघणाऱ्याचा चष्मा जातो. चेंडू तुमच्याकडे आला तर उचलून जवळच्या खेळाडूकडे हाताने टाका. लाथ मारायचा मोह आवरा. चुकून तो भिंतीपलीकडच्या बागेत गेला तर सगळं मैदान तुमच्याकडे बघतं. कठडा ओलांडून आत जाऊ नका, मुलांनाही जाऊ देऊ नका.

खेळात काय वेगळं दिसेल

व्हीएआर (व्हिडिओवरून पंचांचा निर्णय तपासणं) नाही, गोलरेषेचं तंत्रज्ञान नाही. गोल झाला की झाला. स्टेप ५ आणि त्याखाली २०१९-२०च्या हंगामापासून ‘सिन बिन’ आहे: पंचांशी हुज्जत घातली तर खेळाडूला पिवळं कार्ड आणि दहा मिनिटं बाहेर. अचानक एका संघात दहाच माणसं दिसली तर मोजण्यात तुमची चूक झालेली नाही. या पायरीवर चौथा पंच सहसा नसतो, त्यामुळे किती मिनिटं वाढवली याची पाटी कोणी दाखवत नाही. गुणफलकही असेलच असं नाही. पहिली शिट्टी वाजताच घड्याळ बघून ठेवा.

भाषा सैल असते, लहान मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी ते गृहीत धरावं. पण वर्ण, धर्म किंवा देशावरून कोणी काही बोललं तर ते खेळाचा भाग म्हणून गिळायचं कारण नाही. पिवळ्या जाकिटातल्या स्टुअर्डला किंवा बिल्ला लावलेल्या समिती सदस्याला तिथेच सांगा. वेळ, जागा आणि शब्द टिपून ठेवा. किक इट आउट या संस्थेकडे नंतर ऑनलाइन तक्रारही करता येते. बहुतेक छोटे क्लब अशा माणसाला ताबडतोब बाहेर काढतात, कारण तक्रार वर गेली तर दंड क्लबला बसतो.

गारठा

अंगात थंडी भरते ती पायांतून, कारण सिमेंट ऊब शोषून घेतं. जाड तळव्याचे बूट, दोन जोड मोजे. जुनी मंडळी पायाखाली पुठ्ठ्याचा तुकडा टाकून उभी राहतात. हसू येईल, पण उपाय रामबाण आहे. छत्रीपेक्षा टोपी असलेलं जॅकेट बरं, छत्रीने मागच्याचं दिसणं बंद होतं. डिसेंबरात चारच्या आतच सूर्य मावळतो आणि उत्तरार्ध फ्लडलाइटखाली होतो, तेव्हा दुपारच्या उन्हाला भुलून हातमोजे घरी ठेवू नका.

मंगळवारची रात्र

पावणेआठचा सामना साधारण नऊ-चाळीसला संपतो. चषकाचा असेल आणि बरोबरी झाली, तर त्या स्पर्धेच्या नियमानुसार पेनल्टी किंवा जादा वेळ लागू शकतो, आणि मग दहा वाजून जातात. छोट्या गावांतून शेवटची बस त्याआधीच गेलेली असते. म्हणून मधल्या वारी रेल्वे स्टेशनपासून चालत जाता येईल असंच मैदान निवडा आणि शेवटच्या दोन गाड्यांच्या वेळा लिहून ठेवा. लीगचे सामने जादा वेळेत जात नाहीत, तेव्हा पहिल्या मंगळवारी लीगचाच सामना धरा.

शनिवारी घाई नसेल तर शेवटच्या शिट्टीनंतर अर्धा तास क्लबहाउसमध्ये थांबा. खेळाडू आंघोळ करून तिथेच जेवायला येतात, सामनावीराला बाटली देतात, टीव्हीवर बाकीचे निकाल लागतात. बारवाल्याला पुढचा घरचा सामना कधी आहे ते विचारा. तो तारखेबरोबर हेही सांगेल की त्या दिवशी दारावर माणूस कमी पडतोय, आणि तुम्ही येता का.